फणसाचा पाट

शैलाने पांढराफटक पाट हौसेने वडिलांपुढे ठेवला. फणसाचा हा पाट तिच्या उष्टावणासाठी आबांनीच घडवला होता. आता गावातल्या सगळ्या लाकडांसारखा तोही कारखान्याच्या क्षाराच्या पातळ द्रावणात भिजून, पोटातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे धागे सांधणारा तपकिरी डिंक, सोडून आला होता. त्या लिग्निनच्या इंधनावरच तर गावची एसटी धावत होती.

आबांची सुतारकीतली खोड अशी, की लाकडाला हात लावण्याआधी नाक लावायचं. त्यांनी पाट हुंगला आणि बाजूला सारला.

"कुणाचा गं हा?"

"तुमचाच, आबा. नवा करून आणलाय."

"माझा नव्हे. याला वासच नाही."

शैलाने पिशवीतून एक पुडी काढली. पाटातून निघालेली चिमूटभर पूड तिने कारखान्यातून आठवण म्हणून मागून आणली होती. आबांनी ती नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"आपल्या विहिरीवरचा फणस!"

त्यांनी बोट पाण्यात बुडवून ती पूड पाटावर चोळली. मधोमध तपकिरी डाग उमटला.

"हां. आता बस जेवायला."