दुसऱ्या जहाजावरचं सूप

जहाजावरच्या खास रेस्टॉरंटात जेवण आटोपल्यावर मॅडमनी शेफला टेबलापाशी बोलावून घेतलं. एकामागून एक जहाजं पालथी घालून तिथल्या जेवणाचा निवाडा करणाऱ्या या बाईंचा कौतुकात मात्र हात कायम आखडता.

"सूप तुमचंच सरस," त्या म्हणाल्या. "गेल्या महिन्यात तुमच्याच कंपनीच्या दुसऱ्या जहाजावर होते. तिथल्या शेफबाईंचं केवढं नाव! पण सूप तोंडात धरवेना, नुसतं खारट."

"एखाद्या दिवशी होतं, मॅडम."

"एखाद्या दिवशी कसलं? तीनदा जेवले, तिन्ही वेळा तेच. तुम्हाला मनातून बरंच वाटलं असेल, नाही का?"

तो कसंनुसं हसला. आत येऊन त्यानं घाईघाईनं फोन काढला, पण भर समुद्रात रेंज कुठली! मागच्या बंदरावरून बोलला, तेव्हा बायको म्हणाली होती, "मी अगदी मजेत आहे. तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."



त्या दुसऱ्या जहाजावरची शेफ म्हणजे त्याची बायको, आणि तिच्या हातचं सूप असं खारट झालं होतं ते आजवर एकदाच, त्यांचं बाळ गेलं तेव्हा.