खलाशाचा मूळ रंग

इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या समुद्रधक्क्यावरचा, पेनीचं नाणं टाकलं की खदाखदा हसणारा जुना लाकडी खलाशी हिल्डाच्या नवऱ्याने मृत्युपत्रात भावाच्या नावे केला होता. तीस वर्षं त्याची डागडुजी मात्र हिल्डानेच केली होती.

खलाशी न्यायला आलेला दीर नॉर्मन दारातच किंचाळला, “अगं बये, नव्वद वर्षांचा मूळ रंग होता तो! त्यावर हा भडक लाल फासलास? आता भंगारवालासुद्धा विचारणार नाही याला!”

“मला मेलीला यंत्रांतलं काय कळतंय? तूच म्हणायचास ना?”

“घाल मग चुलीत!” सोबत आणलेल्या वकिलाच्या पत्रावर ‘हा वारसा मला नको’ लिहून त्याने सही ठोकली आणि दार आपटून चालता झाला.



त्याची गाडी वळताच हिल्डाने ओल्या फडक्याने शाळकरी पोरांचा तो जलरंग पुसून काढला आणि खलाशाच्या पेटीत एक पेनी टाकली.