तांदळाचं कपाट

"एवढं खोल कपाट कुणी करत नाय," हितेश टेप गुंडाळत म्हणाला. "ठरलं होतं तेवढंच देनार."

भाविक ऐकेना. टेमघरच्या या इमारतीखालची जमीन त्याच्या आईची, सीताबाईची. तिने अंगठा दिला म्हणून हितेशला बांधकाम मिळालं, आणि आता हाच ठेकेदार एका कपाटासाठी अडून बसला होता. जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या घरात भाविकला स्वयंपाकघरामागे भिंतभर लांब कपाट हवं होतं. तळाला जाड फळी, दारांना हवेसाठी झडपा, कडी बाहेरून.

"कशाला पन?"

"तांदूल ठेवाला. वर्साचा भरतो आमी. हवा न्हाय लागली त किडं होतील."

कोपऱ्यात बसलेल्या सीताबाईचे डोळे भरून आले. शेतावर इमारत उभी राहिली, आता घरचा तांदूळ कुठला? पण पोराच्या मनात अजून भाताची कोठी होती. जमीन हातची गेल्याचं दुःख तिला रोज टोचायचं. त्या दिवशी ते जरा हलकं झालं.

मोठं कपाट कबूल केलं होतं, असं भाविक म्हणू लागला आणि भांडण चिघळत गेलं. शेवटी गावच्या रीतीप्रमाणे गावदेवीपुढे नारळ ठेवला. नारळावर हात ठेवून बोलेल त्याचं खरं, मग वाद संपला. हितेश गावचाच, तोही हे मानायचा.

"हात कोन ठेवतो?" पंचांनी विचारलं.

भाविक मागे सरकला. खोटी शपथ घेणाऱ्याचं वाटोळं होतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

हितेश पुढे होण्याआधीच सीताबाई उठली. "मोठं कपाट देतो, असा मना बोलला व्हता ह्यो," नारळावर हात ठेवून ती म्हणाली. आयुष्यातली पहिली खोटी शपथ. देवी कोपली तर आपल्यावर कोपेल, पोराचं मन तर राहील, एवढाच तिचा हिशेब.

सीताबाई खोटं बोलेल, असं कुणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. हितेशने मान खाली घातली आणि भाविकने सांगितलं तसंच कपाट करून दिलं.

वास्तुशांतीला आलेले पाहुणे जेवून गेले. सीताबाईने हौसेने कपाटाची दारं उघडली, फळीवरून हात फिरवला.

"क्यवरा मोठा केलास रं! यान पोती किती मावतील?"

"पोती कसली, आये?" भाविकने आत चटई अंथरली. "झोपून बग. कडी लावून बगतो."