बदल झोपेनंतर लागू होतील

वडिलांना, अण्णांना, जाऊन आठवडाच झाला होता, आणि शर्वाणीचा भाऊ हेरंब चहा गाळताना शीळ घालत होता. त्यात त्याचा दोष नव्हता. कानामागच्या चिपमधला सेशन मॅनेजर रोज माणसाला उठवताना कालचे विचार पुन्हा उघडून द्यायचा. हेरंबकडच्या नव्या आवृत्तीत तो दुखरे विचार मात्र बंदच ठेवायचा.

शर्वाणीची जुनी आवृत्ती कंपनी आज बंद करणार होती. तिने दुपारीच मॅनेजरचा सोर्स कोड उतरवून घेतला, ‘दुखरे विचार वगळा’ या ओळीपुढे ‘नको’ लिहिलं आणि स्वतःपुरता वेगळा मॅनेजर बिल्ड करून चिपमध्ये बसवला. पडद्यावर आलं, ‘बदल झोपेनंतर लागू होतील.’

तिला झोपायचीच भीती वाटली. काही चुकलं असलं, तर उठल्यावर ते कळणारही नव्हतं. अण्णांचा स्वेटर उशाशी घेऊन ती आडवी झाली.

जाग आली तेव्हा हाताला लोकर लागली. क्षणभर काहीच आठवेना. मग अण्णा आठवले.

हेरंब दारात येऊन थबकला. “शरे, रडतेस काय? बिघडलं ना? तरी सांगत होतो, कंपनीचं घे म्हणून.”

“नाही रे दादा,” डोळे न पुसता ती म्हणाली, “नीट चाललंय.”