चवीचा तुकडा

"दोघींनी मिळून एकच अस्थी उचलायची. पायांकडून सुरुवात करू या," पांढरे हातमोजे घातलेला दहनगृहातला माणूस हळू आवाजात म्हणाला आणि त्याने दोघींच्या हातात लांब चॉपस्टिक्स दिल्या.

समोरच्या ट्रेवर लुईस वोंग होता. म्हणजे, उरला होता तेवढा.

त्याची बायको रोसा ट्रेच्या एका बाजूला उभी होती. दुसऱ्या बाजूला कोण उभं राहणार हा प्रश्नच होता, कारण टोकियोत तिचं दुसरं कोणी नव्हतं. शहराच्या ओजिमा भागातल्या त्यांच्या छोट्याशा हॉटेलात दुपारी काम करणारी नुपूर, तीच आज नातेवाईक झाली होती. "आपल्याकडे बायका सावडायला जात नाहीत," असं ती काल नवऱ्याला म्हणाली होती, आणि तरी सकाळी उठून आली होती.

लुईसचे आजोबा चीनमधून पेरूला गेले ते एक कढई घेऊन. तीच कढई घेऊन नातू जपानला आला. स्वयंपाक करताना त्याला एक सवय होती. परतलेल्या मांसाचा पहिला तुकडा चॉपस्टिक्समध्ये धरून तो बायकोपुढे करायचा. रोसा तो आपल्या चॉपस्टिक्सनी अलगद घ्यायची, तोंडात टाकायची आणि मान डोलवायची, नाहीतर नाक मुरडायची. मग मीठ ठरायचं. लिमाच्या चिनी वस्तीत त्याच्या आईवडिलांचं हॉटेलही असंच चालायचं म्हणे.

नुपूरनेच त्याला टोकलं होतं. नव्या सुनेने सासरच्या रीती पाठ कराव्यात तसे तिने जपानचे सगळे नियम पाठ केले होते. एक जुनं गिऱ्हाईक अर्धं जेवण टाकून उठून गेलं, तेव्हा तिला राहवलं नाही.

"लुईस-सान, चॉपस्टिकने चॉपस्टिकला द्यायचं नसतं इथे. माणूस गेल्यावर अस्थी तशा उचलतात. अशुभ मानतात हो."

लुईस ओशाळून हसला, कमरेत वाकून त्याने माफी मागितली. दुसऱ्या दिवसापासून तुकडा बशीत यायला लागला. रोसा तो खायची, पण तिने मान वर करेपर्यंत लुईस पुढच्या ऑर्डरकडे वळलेला असायचा. मीठ तो अंदाजानेच टाकू लागला. आपण त्यांचं केवढं भलं केलं, असं नुपूरला तेव्हा वाटलं होतं.

आता तीच नुपूर हातात चॉपस्टिक्स धरून ट्रेपाशी उभी होती.

"रोसा-सान, मी तेव्हा उगीच..." ती म्हणाली.

रोसाने एक छोटासा पांढरा तुकडा चॉपस्टिक्समध्ये धरला, थोडा वर उचलला आणि मध्येच थांबून त्या हातमोजेवाल्या माणसाकडे पाहिलं.

"हिच्या चॉपस्टिक्स माझ्या चॉपस्टिक्सना लागल्या तर?"

"लागू द्या," तो म्हणाला. "इथे तसंच करायचं असतं."

नुपूरने दुसरं टोक धरलं. तिचे डोळे इतके भरून आले होते की तुकडा धरलाय की नाही हेही तिला नीट दिसत नव्हतं. दोघींनी मिळून तो कलशापर्यंत नेला आणि आत ठेवला.

मग रोसा ट्रेवर वाकली. कढईच्या आवाजात नवऱ्याला ऐकू जावं म्हणून ती रोज जेवढ्या मोठ्याने बोलायची, तेवढ्याच मोठ्याने बोलली.

"ऐकलंस का, लुईस? इथे चालतं."