ओळंबा

तक्त्यावरची शेवटची ओळ झुलाल मिस्तरींनी घडाघडा वाचली तशी डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवर ‘उत्तम’ लिहूनही टाकलं. नशिराबादच्या शिबिरात त्यांनी चाळीस जणांचे मोतीबिंदू काढून डोळ्यांत भिंगं बसवली होती, त्यांतलेच हे एक. मिस्तरी मात्र जागचे हलेनात. पिशवीतून भिंती तपासायचा ओळंबा काढून त्यांनी दारात धरला आणि चांगला डोळा झाकला. “बाई, दोरी एकच शे, पन या डोयाले दोन दिखतस.” चाळिसांतलं एकही भिंग हलणार नाही, असं बाई छातीठोकपणे सांगत आल्या होत्या. चरफडत त्यांनी यंत्राला डोळा लावला. भिंग बाजूला सरकलं होतं. कड बाहुलीत आली होती. बाईंनी ‘उत्तम’ खोडलं. शिबिराची यादी पुढ्यात ओढली. बाकीचे एकोणचाळीस जण “झकास दिसतं” म्हणत पाया पडून गेले होते. “मिस्तरी, हा ओळंबा मला चार दिवस द्याल?”