वाढीव कराची झोप

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने शाल्मलीच्या कपाळावर पट्टी बसवली. "एका उद्योगपतीची झोप आहे. बड्या कमाईवाल्यांचा कर आता झोपेतूनच कापतात ना. यंदा तो वाढला, म्हणून बाळंतिणीला एकाऐवजी दोन तास."

तान्ह्या कुहूला सासूबाईंकडे देताना शाल्मलीचा जीव वरखाली झाला. "आई, ती रडली आणि मला जागच आली नाही तर?"

"मी आहे ना? माझ्या वेळी कुणी अर्धा तास दिला नव्हता. झोप मुकाट्याने."

तीन महिन्यांत प्रथमच ती गाढ झोपली. मात्र झोपेबरोबर उद्योगपतीची स्वप्नंही आली असावीत, कारण डोळे उघडताच तिने करड्या आवाजात विचारलं, "कुहूचा तिमाही अहवाल कुठाय?"

"वरचं दूध एकदा, लंगोट दोन, रडणं शून्य," सासूबाई म्हणाल्या. "साहेब, अजून थोडं पडता का?"